सगळ्यांच्या मागे, आत्या

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरगावात भाजीवाल्याशी दुधीवरून वाद घालत होते. दुधी कोवळा आहे असं त्याचं म्हणणं, आणि नाही असं माझ्या नखाचं. फोनवर नांदगावहून माझी धाकटी जाऊ सुनंदा होती. "वहिनी, आत्या गेल्या," एवढं म्हणून ती थांबली. मग म्हणाली, दुपारी जेवल्या, वाडीत जाऊन पोफळींना पाणी सोडून आल्या, ओटीवरच्या खुर्चीत बसल्या आणि मान कलली. मी विचारलं, "एकट्याच होत्या?" "नाही हो, मी समोरच तांदूळ निवडत होते. मला वाटलं, डुलकी लागली." मी भाजीवाल्याला पैसे दिले आणि पिशवी तिथेच विसरून घरी आले. संध्याकाळी त्याने ती कोणाच्या तरी हाती घरी पाठवली. दुधी जूनच निघाला. या गोष्टीला आता काही आठवडे झालेत. रडून झालंय. आता मला आत्यांबद्दल थोडं बोलायचंय, आणि खरं सांगायचं तर थोडी शेखी मिरवायचीय.

मालतीआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या, सख्ख्या आत्या. माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाल्या, "राहून गेलं," जसं कोणी दुधाचं भांडं झाकायचं राहिलं म्हणावं तसं. मुरूडला शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाल्यावर नांदगावच्या वाडीत भावाच्या कुटुंबाबरोबर राहिल्या. अंगाने बारीक, आवाजाने खणखणीत. आमच्या घरात त्यांनी एक रीत पाडली, आणि तिच्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे. आमच्याकडे नव्या सुनेला पहिल्यांदा स्वयंपाकघर दाखवत नाहीत. फणसाडचं जंगल दाखवतात.

मी या रीतीची पहिली मानकरी. बळी म्हटलं तरी चालेल. लग्नाचा सत्यनारायण झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या माझ्या खोलीच्या दारात उभ्या. सहावारी साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात शाळेच्या पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट. "बूट आहेत का गो तुझ्याकडे?" मी सोलापूरची. आमच्याकडे डोंगर ही लांबून बघायची वस्तू. बूट नाहीत म्हटल्यावर त्यांनी आपले जुने काढून दिले, "दोन मोजे चढव, बसतील." हातात हिरवा चुडा, पायात कोणाचे तरी बूट, अशी मी नव्या घरातल्या सगळ्या मंडळींबरोबर जीपमध्ये बसून अभयारण्याच्या दाराशी आले. सासरे, सासूबाई, श्रीकांत, धाकटा दीर आणि आत्या. मनात म्हटलं, ही परीक्षा आहे. सून डोंगर चढते की नाही ते बघणार, आणि मग घरी जाऊन मार्क देणार.

वाट सुरू झाली तिथे आत्यांनी मला पुढे केलं. मी म्हटलं, "मला वाट माहीत नाही." "वाट एकच आहे. चुकलीस तर मागून सांगेन." स्वतः सगळ्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मग मी चालू लागले, म्हणजे चालण्याचा प्रयत्न करू लागले. फणसाड ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, समुद्र हाकेच्या अंतरावर असून तिथे समुद्राचा मागमूस नसतो. ऐन, किंजळ, अंजनीची गर्द झाडी, पायाखाली सुटे दगड, आणि गारंबीचे वेल असे जाड की त्यावर झोका बांधावा. डोक्यावरच्या फांदीवर काहीतरी धपकन आदळलं आणि मी किंचाळले. "शेकरू आहे," मागून आत्यांचा आवाज, "तेही घाबरलंय." चढ आला की मी थांबे. मी थांबले की मागची सगळी रांग थांबे. माझे सासरे नाना अलिबागच्या कोर्टात वकील. भाजी आणायला निघाले तरी खटल्याला उशीर झाल्यासारखे चालायचे. ते माझ्या मागे दुसरे होते. मी चौथ्यांदा की पाचव्यांदा थांबले तेव्हा त्यांनी जरा सूचक घसा खाकरला. लगेच मागून आवाज आला, "दादा, खोकला झाला असेल तर मागे या. इथे औषध आहे." त्यानंतर वरच्या माळावर पोचेपर्यंत नानांनी श्वास तरी घेतला की नाही, देव जाणे.

तो दिवस मला आजही जसाच्या तसा आठवतो. झाडी संपते आणि एकदम उघडा, काळपट जांभ्या दगडाचा माळ येतो. पलीकडे, खाली, नारळी-पोफळींची हिरवी रेघ आणि तिच्यापुढे समुद्र. सोलापूरच्या मुलीने एवढं पाणी एका वेळी कधी पाहिलं नव्हतं. आत्यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणीची चटणी सोडली, आणि बोट दाखवून सांगितलं, ती आपली वाडी, ते आपलं कौलारू, ती विहिरीची बाजू. "आता घर पाहिलंस. उद्यापासून आत बघ." मार्क कोणीच दिले नाहीत. उतरताना माझ्या लक्षात आलं की अख्खं सासर सकाळपासून माझ्या चालीने चाललंय, आणि कोणी मला एकदाही 'लवकर चल' म्हटलेलं नाही. हे ध्यानात आल्यावर मला रडूच आलं, पण मी पुढे असल्यामुळे ते कोणाला दिसलं नाही.

सगळ्यात हळू चालणारा पुढे, हा त्यांचा नियम. शाळेच्या मुलींना फणसाडला नेत तेव्हाही तोच. म्हणायच्या, हळू चालणाऱ्याला मागे ठेवलं की तो आणखी मागे पडतो. पुढचे थांबून त्याची वाट बघतात, तो धापा टाकत पोचतो, आणि पोचला रे पोचला की विश्रांती झालेले पुढचे उठून चालू लागतात. दमलेल्याला विश्रांतीच नाही. यात भूगोल किती आणि आत्या किती, मला ठाऊक नाही. पण ही रीत घरातल्या सुनांसाठी का, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आम्ही दोघी ओटीवर सुपारी सोलत बसलो होतो. माझ्या सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आत्या आपणहून बोलू लागल्या. सासूबाईंचं लग्न होऊन वऱ्हाड परत येत होतं, आणि एस.टी. काशीदला बंद पडली. मंडळी चालत निघाली. पुरुषमाणसं बोलत-बोलत पुढे गेली. नवी नवरी नऊवारीत, अंगावर दागिने, मागे पडत गेली. आत्या तेव्हा शाळेत जाणारी पोर, ती तिच्याबरोबर थांबली. "घरी पोचलो तर बाप्यांचा चहासुद्धा झाला होता. ओवाळायच्या तबकातलं निरांजन परत पेटवायला लागलं... वहिनी मग जन्मभर तशीच चालली गो. चार पावलं मागे. मी लहान होते, काय बोलणार. मोठी झाल्यावर म्हटलं, पुढच्या वेळी आपण सगळे मागे राहू." एवढं बोलून त्यांनी सुपारीची टोपली पुढे ओढली आणि वाडीतल्या उंदरांचा विषय काढला.

माझ्यानंतर सुनंदा गेली, मग एक चुलत जाऊ. प्रत्येक वेळी नवी सून पुढे, आणि सगळ्यांच्या मागे आत्या. सुट्टीच्या दिवशी मुंबईहून कॅमेरे घेऊन पाखरं बघायला मंडळी येतात, ती आमच्या या वरातीमागे अडकत. एकदा एक तरुण वैतागून म्हणाला, "आंटी, जरा साइड द्या ना, केव्हापासून मागे आहोत." आत्यांनी सगळ्यांना वाटेच्या कडेला उभं केलं आणि त्याला म्हणाल्या, "जा बाबा. तुला पोचायचंय. आम्ही चाललोय." तो गेला. थोड्या वेळाने बघतो तर एका वळणावर तो शेकरूची वाट बघत ताटकळलाय आणि शेकरू मात्र आमच्या डोक्यावर. आत्यांनी त्याला खुणेने परत बोलावून घेतलं. त्यांच्यात आकस असा नव्हताच. माझ्यात आहे, म्हणून मला ही गोष्ट सांगताना जास्त मजा येते.

मग ते वादळ आलं. दिवेआगरपासून आमच्यापर्यंत वाड्याच्या वाड्या झोपल्या. आमच्या पोफळी काडेपेटी सांडावी तशा पडल्या होत्या. माझा दीर, जो कायम तिथेच राहणारा आणि खरा शेतकरी, तो दोन दिवस ओटीवरून उठला नाही. आत्या उठल्या. पंचाहत्तरी जवळ आलेली बाई कोयता घेऊन झावळ्या तोडायला लागली म्हटल्यावर दिराला उठावंच लागलं. पहिली नवी रोपं त्यांनीच लावली. कोणीतरी म्हणालं, "आत्या, याची सुपारी धरेपर्यंत..." आणि पुढचं वाक्य गिळलं. आत्या म्हणाल्या, "तोवर तुम्ही आहात ना." मला त्या बाईचा किती अभिमान वाटला म्हणून सांगू. पण त्या पावसाळ्यानंतर त्यांना धाप लागायला लागली. अलिबागच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप बिघडल्याचं सांगितलं. ऑपरेशन या वयात नको, औषधं घ्या, आणि चढ चढायचा नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या ओंकारचं लग्न झालं. सून रेवा नागपूरची, कंपनीत नोकरी करणारी, आणि पहाटे उठून मैलोन्‌मैल पळणारी. लग्न ठरल्यापासून आत्यांचं एकच, फणसाडला कधी जायचं? श्रीकांतने डॉक्टरांचं सांगून पाहिलं. शेवटी म्हणाला, "आत्या, तू गेटपाशी सावलीत बस. आम्ही हिला वर नेऊन आणतो." आत्यांचा चेहरा पडला. त्या भांडल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. रात्री माझ्याजवळ म्हणाल्या, "मी नसले तर ते नुसतं हिंडणं होईल गो. माझ्या घरच्या शेवटच्या मुलाची बायको आहे ती. तिच्या मागे चालायचं राहिलं तर मला चुटपुट लागेल." मी श्रीकांतशी भांडले. मी भांडले की सहसा माझंच चालतं. ठरलं असं की अर्ध्या वाटेवरच्या गाणीपर्यंत जायचं. तिथे पाणवठ्याला गाण म्हणतात. तिथून आत्यांना परत आणायचं.

गेटवरचा पहारेकरी आत्यांना वर्षानुवर्षं ओळखणारा. म्हणाला, "बाय, यंदा काठी?" "तुला पन लागंल रे," आत्या त्याच्याच बोलीत म्हणाल्या. रेवाला पुढे केलं, आत्या सगळ्यांच्या मागे, त्यांच्या पुढे मी. मला धास्ती होती ती वेगळीच. पळणारी पोरगी, ती पुढे झाली की झपाझप जाणार, रांग ताणली जाणार, आणि आत्या मागे एकट्या पडणार. ज्या बाईने कोणाला मागे पडू दिलं नाही, तिची शेवटची फेरी अशी व्हायची. पण झालं भलतंच. रेवा अगदी सावकाश चालत होती. थांबायची, वेल बघायची, पुन्हा चालायची. ओंकार मागून कुजबुजला, "काय होतंय तुला?" माझ्या पाठीमागे काठीचा आवाज, टक, टक, आणि मध्येच बंद. तो बंद झाला की पुढे रेवा उभी.

गाणीपाशी पोचलो. पाण्यावर फुलपाखरं होती. सगळे बसले, आत्या मात्र उभ्याच. धाप लागली होती, पण आवाज शाळेतला. "रेवा, तू रोज पळतेस ना?"

"हो आत्याआजी."

"मग ही कसली चाल?"

"बूट नवे आहेत. चावतायत."

"बघू." बूट पुढे फाटून आतला मोजा दिसत होता. रेवा खाली बघून म्हणाली, "तुमची काठी थांबली की मी थांबत होते. चुकलं का?"

"चुकेल कसं?" आत्या म्हणाल्या. "पण मग पुढे कोण चाललंय, तू का मी?"

रेवा म्हणाली, "तुम्हीच."

"मग मी पुढे यायला हवं." श्रीकांत उठला, "आत्या, इथपर्यंत ठरलंय, आता परत." त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत, एकेकाला मागे टाकत त्या रांगेच्या टोकाला गेल्या आणि चालू लागल्या. काय करणार? आम्ही मागे निघालो. रेवा दुसरी, मी तिसरी. आणि मला एकदम जाणवलं, इतक्या वर्षांत मी आत्यांची पाठ कधी पाहिलीच नव्हती. फणसाडमध्ये तर नाहीच. लहानशी पाठ, मानेवर तेल लावून घातलेला पेरूएवढा अंबाडा, खोचलेला पदर. ही बाई कोणाच्या घरी सून म्हणून गेली नाही. तिला कोणी उंबऱ्यावर ओवाळलं नाही. आणि आज अख्खं घर तिच्या मागे तिच्या चालीने चाललं होतं, वाट अडवून, दर दहा-बारा पावलांना थांबत, आणि कोणाचा घसासुद्धा खाकरत नव्हता. त्या दिवशी रडायचं नव्हतं. त्या दिवशी छाती फुगवून चालायचं होतं, आणि मी तशी चालले.

माळावर पोचायला दुपार झाली. आत्या जांभ्याच्या दगडावर बसल्या, बराच वेळ नुसता श्वास घेत. श्रीकांत गोळी घेऊन उभा. मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, "पुढे कोणाची पाठ नसते गो. नुसती वाट. तुम्ही कोणी मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं कधी?" मी म्हटलं.

त्या हसल्या. मग रेवाला म्हणाल्या, "तुझा दिवस मी घेतला." रेवा म्हणाली, "उतरताना माझा." "उतरताना कशाला? आताच घे. कशी पळतेस ते दाखव." आणि आमची नवी सून, हातात चुडा, पायात फाटके बूट, त्या उघड्या माळावरून समुद्राच्या दिशेला जी सुटली... ती त्या टोकापर्यंत गेली आणि वळून परत आली. आम्ही सगळे ओळीने उभे राहून बघत होतो. काळजीने मागोमाग आलेला तो पहारेकरी तेवढ्यात वर पोचला. आत्या त्याला म्हणाल्या, "आमच्या घरची सून आहे ती." तो म्हणाला, "व्हय, दिसतंय ना."

खाली येताना आत्या पुन्हा पुढे होत्या, आणि त्यानंतर त्या फणसाडला गेल्या नाहीत. डॉक्टर अर्थातच रागावले. आत्यांनी त्यांना विचारलं, तुमच्या घरात कोणाचं लग्न झालंय का? ते का विचारलं हे त्या बिचाऱ्यांना कळलं नसणार.

तेराव्यानंतर आम्ही मुंबईला परत निघालो. मांडव्याच्या जेट्टीवर गर्दी होती, बोट लागलेली, लोक पुढे घुसत होते. माझा उजवा गुडघा या थंडीपासून कुरकुरतोय. मी तो कोणाला दिसू देत नाही, निदान मला तसं वाटत होतं. मी बॅग सावरत, कठड्याला धरत चालले होते. श्रीकांत आणि ओंकार पुढे जाऊन जागा धरतील म्हणून मी मान वर केली, तर पुढे आपलं कोणीच नव्हतं. नुसती जेट्टी, तिच्या टोकाला बोट, आणि पाणी. मागे वळले. रेवा माझ्या मागे, तिच्यामागे ओंकार, आणि शेवटी दोन्ही हातांत सामान घेऊन श्रीकांत. हे तिघे कधी मागे झाले मला कळलंच नाही. कोणी कोणाला काही सांगितलेलंही मी ऐकलं नव्हतं. मला संताप आला. मी काय म्हातारी झाले का, असं मी म्हणणार होते, तोंड उघडलंही होतं. बाजूने लोक आम्हाला ओलांडून धावत होते, कोणीतरी "चला, चला" म्हणत होतं. रेवा माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या पायांकडे बघत होती, पुढचं पाऊल कधी पडतंय त्याची वाट बघत.

मी तोंड मिटलं, वळले, आणि मला जमेल तसं चालू लागले.